अंडं जसं पडलंय तसं

पोरा, साप धरायला लागलास, तर आज ना उद्या अंड्यांसाठीही फोन येणारच. मे-जूनात शिरवळच्या एमआयडीसीत शेडसाठी जेसीबी लागतो, नाहीतर पावसाआधी कुणी उकिरडा उपसतं, आणि पांढरा पुंजका उघडा पडतो.

आधी सापाचीच आहेत का बघ. कपाटामागची गोल, कडक, वाटाण्याएवढी अंडी पालीची. त्यासाठी पेट्रोल जाळू नकोस. सापाचं अंडं लांबट, चामड्यासारखं मऊ, बहुतेक एकमेकांना चिकटलेलं. घोणस न् फुरसं अंडी घालतच नाहीत, थेट पिल्लं देतात. पण घोणशीचीच अंडी म्हणणाऱ्याशी वाद घालत बसू नकोस. बिळात हात घालण्याआधी मात्र नीट बघ, नागीण अंड्यांपाशी थांबते.

जागेला धोका नसेल तर माती परत सार, मालकाची समजूत काढ आणि निघून ये. त्या बिळाला ऊबओल तुझ्या डब्यापेक्षा जास्त कळते. शिवाय १९७२ च्या कायद्यात सापाच्या अंड्यांना धक्का लावणं ही शिकारच धरलीय. हलवायचीच वेळ आली तर आधी वनखात्याच्या १९२६ ला फोन लाव. घरी ठेवायची ती त्यांनी सांगितलं तरच.

उचलण्याआधी प्रत्येक अंड्यावर मऊ शिसपेन्सिलीनं फुली मार. फुली शेवटपर्यंत वरच राहिली पाहिजे. घातल्यावर दिवस-दोन दिवसांत गर्भ कवचाला आतून चिकटतो. मग अंडं उलटलं की तो दगावतो. चिकटलेली सोडवायची नाहीत, पुंजका तसाच डब्यात.

खाली कोकोपीट. मुठीत दाबल्यावर गोळा व्हावा, पाणी ठिबकू नये. झाकणाला दोन-चार भोकं, आत २८ ते ३० अंश. पत्र्याच्या खोलीत ठेवलंस तर दुपारपर्यंत उकडून निघतील! अंडी खपाटीला गेली तर ओल कमी पडलीय; पाणी कडेनं सोड, अंड्यावर नको. एखाद्यावर बुरशी दिसली म्हणून लगेच फेकू नकोस. पिवळं पडून घाण मारायला लागलं, मग ते गेलं.

नागाला साधारण दोन महिने लागतात. पिल्लू तोंडाच्या टोकावरच्या इवल्या दातानं कवच चिरतं, तोंड बाहेर काढतं, तुझी सावली पडली की परत आत. कधी दिवसभर हेच. ब्लेड घेऊन मदतीला धावू नकोस, आत उरलेला बलक पोटात ओढायचं काम चाललेलं असतं. त्याच बलकावर पहिली कात टाकेपर्यंत निभतं, म्हणून भरवायच्या भानगडीतही पडू नकोस. आणि नागाचं पिल्लू बाहेर येतं ते विष घेऊनच. फोटोसाठी हातावर घेणाऱ्यांना डब्याजवळ फिरकू देऊ नकोस. सोडायचं ते वनरक्षकाला सोबत घेऊन, अंडी सापडली त्याच शिवारात, उन्हं उतरल्यावर.