शिक्षकाचे ध्येय व त्याची निश्चिती



आपल्या बहुतेक शाळांच्या कार्यालयांत भिंतीवर एक फलक रंगविलेला असतो. त्यावर ‘आमचे ध्येय’ या शीर्षकाखाली विद्यार्थ्यांचा सर्वांगीण विकास, सुसंस्कृत नागरिकांची घडण, गुणवत्तापूर्ण शिक्षण अशी तीनचार वाक्ये असतात. ती वाक्ये चुकीची नाहीत. तथापि त्याच कार्यालयात बसलेल्या गुरुजींना किंवा बाईंना विचारावे, “फलकावरचे राहू द्या, या वर्षीचे आपले स्वतःचे ध्येय कोणते?” तर पुष्कळदा काही क्षण स्तब्धता पसरते. शाळाभेटींत हा अनुभव मला वारंवार आला आहे, आणि माझ्या शिक्षकपणाच्या काळात कोणी मला हाच प्रश्न विचारला असता तर मीही असाच गप्प बसलो असतो. म्हणून प्रस्तुत पाठात ध्येय म्हणजे काय, ते कसे ठरवावे आणि ठरविताना कोणती चूक होते, याचा विचार करावयाचा आहे.

१. ध्येय व त्याची भावंडे

इच्छा, संकल्प, ध्येय व उद्दिष्ट हे शब्द आपण एकमेकांच्या जागी वापरतो. त्यांच्या अर्थांत भेद आहे. ‘माझा वर्ग चांगला व्हावा’ ही इच्छा होय. इच्छेला खर्च नाही व मुदतही नाही. ‘उद्यापासून मी रोज मुलांचे वाचन ऐकीन’ हा संकल्प होय. त्यात निश्चय आहे, परंतु तो कशासाठी हे त्यात सांगितलेले नाही. ‘माझ्या वर्गातील प्रत्येक मूल समजून वाचू लागले पाहिजे’ हे ध्येय होय. आणि ‘दिवाळीच्या सुट्टीपूर्वी ही सहा मुले जोडाक्षरविरहित परिच्छेद वाचतील’ हे त्या ध्येयाकडे नेणारे उद्दिष्ट होय. ध्येय आपणांस दिशा देते, उद्दिष्ट त्या वाटेवरील मुक्काम सांगते आणि संकल्प पायांना चालावयास लावतो. यांपैकी एक जरी उणे असले तरी प्रवास घडत नाही. नुसते ध्येय भिंतीवर राहते, नुसते उद्दिष्ट तक्त्यात राहते, आणि नुसता संकल्प पहिल्या पावसाबरोबर वाहून जातो.

२. एक उदाहरण : महर्षी कर्वे

ध्येयाने चाललेले आयुष्य कसे असते हे पाहण्यासाठी आपल्याच व्यवसायातील एका पुरुषाचे उदाहरण घेऊ. धोंडो केशव कर्वे यांचा जन्म १८५८ साली कोकणात झाला. सतराव्या वर्षी त्यांना सहावीची सरकारी परीक्षा द्यावयाची होती व त्यासाठी साताऱ्यास जाणे प्राप्त होते. मुरुडहून शंभर मैलांहून अधिक वाट, तीही पावसाळ्यातील घाटाची, ते सोबत्यांसह पायी चालून गेले. तेथे, वय पूर्ण असताही, ‘लहान दिसतो’ म्हणून त्यांना परीक्षेस बसू दिले नाही. पुढच्या वर्षी त्यांनी कोल्हापूरहून तीच परीक्षा दिली. या कथेतील चालणे आपण मुलांना सांगतो. मला मात्र त्यातील ‘पुढच्या वर्षी’ हे शब्द अधिक मोलाचे वाटतात. निराशेनंतरही उद्दिष्ट तेच राहिले, फक्त त्याची तारीख व ठिकाण बदलले.

पुढे १८९१ पासून १९१४ पर्यंत ते पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात गणिताचे अध्यापक होते. १८९३ साली त्यांनी स्वतः विधवेशी विवाह केला. १८९६ साली विधवांच्या शिक्षणासाठी अनाथ बालिकाश्रम काढला, आणि १९०० साली तो पुण्याजवळच्या हिंगण्यास नेला. दिवसभर महाविद्यालयात शिकवून ते पायी हिंगण्यास जात. १९०७ साली महिला विद्यालय निघाले. १९१६ साली महिला विद्यापीठ स्थापन झाले, आणि तेही अवघ्या पाच विद्यार्थिनींवर सुरू झाले. ज्यांना आपल्या शाळेचा पट पाहून उदास वाटते त्यांनी हा आकडा ध्यानात ठेवावा.

या क्रमाकडे शिक्षकाच्या दृष्टीने पाहिले म्हणजे दोन गोष्टी दिसतात. पहिली अशी की, त्यांचे ध्येय मोठे असले तरी प्रत्येक पायरी मोजता येईल एवढी लहान होती. एक घर, एक शाळा, मग एक विद्यापीठ. दुसरी अशी की, प्रत्येक पायरीचा पहिला खर्च त्यांनी स्वतःवर घातला. आधी स्वतःचा विवाह व त्यानंतर इतरांना उपदेश, असा त्यांचा क्रम होता.

परंतु या उदाहरणाचा तिसरा भागही सांगितला पाहिजे. आरंभीच्या आश्रमात प्रवेश घेणाऱ्या स्त्रिया मुख्यतः उच्चवर्णीय कुटुंबांतील होत्या. ध्येय थोर होते, तरी त्याच्या वर्तुळाबाहेर पुष्कळजणी राहिल्या होत्या. आयुष्याच्या उत्तरार्धात कर्व्यांनी हे वर्तुळ वाढविले. १९३६ साली, वयाच्या ७८ व्या वर्षी, त्यांनी महाराष्ट्र ग्राम प्राथमिक शिक्षण मंडळ स्थापन केले. ज्या खेड्यांत शाळाच नाही तेथे शाळा काढणे हा त्याचा हेतू होता. वृद्धापकाळात हा माणूस खेड्यांतील मुलांच्या पहिलीच्या वर्गासाठी दारोदार वर्गणी मागत फिरला, आणि आपल्या अल्प निवृत्तिवेतनातूनही त्याने वाटा दिला. १९४४ साली त्यांनी समता संघ काढला. १९५८ साली त्यांना भारतरत्न मिळाले व १९६२ साली त्यांचे निधन झाले. ध्येय एकदा ठरविले म्हणजे काम संपले असे नाही. आपल्या ध्येयाबाहेर कोण राहिले, हेही वेळोवेळी पाहावे लागते, असा या आयुष्याचा अर्थ मला वाटतो.

३. माझी चूक

हा अर्थ मला पुस्तकातून कळला नाही. सुमारे तीस वर्षांपूर्वी मी एका दोनशिक्षकी शाळेत होतो. शिष्यवृत्तीची परीक्षा त्या काळी चौथीत होत असे. त्या वर्षी मी मनाशी ध्येय ठरविले की, माझ्या वर्गातील दोन मुले शिष्यवृत्तीस आणावयाचीच. ध्येय स्पष्ट होते, मोजता येण्यासारखे होते व त्याला मुदतही होती. सकाळी शाळेपूर्वी व सायंकाळी शाळेनंतर मी त्या निवडक मुलांना शिकविले, रविवारही सोडला नाही. दोन्ही मुले यशस्वी झाली. वर्तमानपत्रात नावे आली, गावात सत्कार झाला, आणि मला शाल मिळाली.

त्याच सुमारास एक शेतमजूर आपल्या मुलाचा दाखला नेण्यास आला. तो मुलगा त्याच वर्गातला. दाखला देताना मी सहज म्हटले, “वाच बरे.” मुलाने स्वतःचे नाव वाचले आणि थांबला. पुढचे त्याला येत नव्हते. बाप रागावला नाही. तो इतकेच म्हणाला, “गुरुजी, तुमच्या शायेतले दोन पोरं पेपरात आले, गावाचं नाव झालं. याले मात्र यष्टीची पाटी वाचता येत नाही. बाभुळगावच्या स्टँडवर हा मलेच इचारते, बाबा, हे गाडी धामणगावची हाय का? मी तं अडाणी. मले काय समजते?”

मी काय उत्तर दिले ते मला आठवत नाही. बहुधा काहीच दिले नसावे. तो मुलगा पुढे शाळेत टिकला नाही. शाल अजून पेटीत आहे. ती अंगावर घ्यावीशी मला कधी वाटली नाही.

माझ्या ध्येयात उणे काय होते? ध्येय ठरविण्याचे सारे नियम मी पाळले होते. उणे होते ते हे की, ते ध्येय माझ्या नावासाठी होते, आणि ते ठरविताना वर्गातील उरलेल्या मुलांची नावे मी एकदाही उच्चारली नव्हती. दोघांसाठी दिलेला प्रत्येक तास कोणाच्या तरी वाट्यातून गेला होता. शिष्यवृत्तीची तयारी करून घेऊ नये असे मी म्हणत नाही. ती अवश्य करून घ्यावी. पण ज्या ध्येयापायी मागे बसलेले मूल आपल्या नजरेतून नाहीसे होते, ते शिक्षकाचे ध्येय म्हणता येणार नाही.

पुढच्या जूनमध्ये मी वहीच्या पहिल्या पानावर एकच ओळ लिहिली : ‘माझ्या वर्गातील प्रत्येक मूल गाडीची पाटी वाचील.’ खाली सात नावे लिहिली. परिपाठापूर्वी दहा मिनिटे त्या सातांना जवळ बसवावयाचे व शनिवारी प्रत्येकाचे वाचन स्वतंत्र ऐकावयाचे, असा क्रम ठेवला. होळीपर्यंत पाचजण वाचू लागले. दोघांचे साधले नाही. त्यांची नावे मी पुढच्या वर्गाच्या शिक्षकांना लिहून दिली. माझ्या नोकरीत मी पूर्ण केलेले हे पहिले खरे ध्येय, आणि तेही पूर्ण झाले नव्हते.

४. वरून आलेले लक्ष्य व आपले ध्येय

आज शासनाने आपल्यासमोर स्पष्ट लक्ष्य ठेविले आहे. ५ जुलै २०२१ रोजी आरंभ झालेल्या निपुण भारत अभियानाने २०२६-२७ पर्यंत प्रत्येक मुलाने तिसरीअखेर वाचन, लेखन व अंकज्ञान यांची पायाभूत कौशल्ये मिळवावी असे ठरविले. दुसरीअखेर मिनिटास ४५ ते ६० शब्द आणि तिसरीअखेर किमान ६० शब्द अर्थ समजून वाचणे, तसेच तिसरीअखेर ९९९९ पर्यंतच्या संख्यांचे वाचन-लेखन, असे त्याचे टप्पे आहेत.

असे मोजमाप हाती असणे ही सोय आहे. पण वरून आलेले लक्ष्य हे अद्याप आपले ध्येय नव्हे. ‘माझ्या वर्गाचे इतके टक्के’ असे म्हणेपर्यंत ते कार्यालयाचे असते. टक्क्याच्या जागी मुलांची नावे आली की ते आपले होते. आणखी एक सावधगिरी बाळगावी. मिनिटास साठ शब्द ही खूण आहे, मुक्कामाचे गाव नव्हे. जे मूल साठ शब्द धडाधड म्हणते पण ‘यात काय सांगितले?’ असे विचारता गप्प राहते, त्याचे वाचन अजून व्हावयाचे आहे.

५. ध्येयनिश्चितीचा क्रम

आपल्या तालुक्यातील परिस्थिती ध्यानात घेऊन पुढील क्रम सुचवितो.

(अ) प्रथम ऐकावे. शाळा उघडल्यावर पहिल्या दोन आठवड्यांत प्रत्येक मुलाचे वाचन एकट्याने ऐकावे. मूल आज कोठे आहे हे कळल्यावाचून ते कोठे न्यावयाचे हे ठरत नाही.

(आ) एकच ध्येय घ्यावे. पाच ध्येये घेतलेला शिक्षक पाचही विसरतो.

(इ) ते नावांनिशी लिहावे. टाचणवहीच्या पहिल्या पानावर सर्वांत मागे असलेल्या मुलांची नावे प्रथम लिहावी. ही यादी भिंतीवर लावू नये; ती शिक्षकासाठी आहे, मुलाला खाली पाहावयास लावण्यासाठी नव्हे.

(ई) गावाचा हंगाम पाहून मुदत घालावी. दसऱ्यानंतर कापूस वेचणीस आला की काही मुले आईबरोबर शेतात दिसतात, काही कुटुंबे कामासाठी बाहेरगावी जातात. म्हणून अवघड भाग त्यापूर्वी घ्यावा आणि परतलेल्या मुलांसाठी पुढे जागा राखून ठेवावी. हंगाम विसरून केलेले नियोजन कागदावरच उरते.

(उ) स्वतःचा वाटा ठरवावा. ‘मुले वाचतील’ हे फळ झाले, ते सर्वस्वी आपल्या हाती नाही. ‘मी रोज दहा मिनिटे ऐकीन’ हे आपल्या हाती आहे.

(ऊ) महिन्यातून एकदा दोन प्रश्न विचारावे : किती झाले? आणि बाहेर कोण राहिले? दुसरा प्रश्न पहिल्याहून महत्त्वाचा आहे.

६. मुलांना ध्येय शिकविताना

“मोठेपणी कोण होणार?” असे आपण विचारतो व मुले कलेक्टर, डॉक्टर, पोलीस अशी उत्तरे देतात. ही उत्तरे गोड असतात, पण त्यांनी मुलाच्या उद्याच्या सकाळीत काही बदल होत नाही. त्याबरोबरच विचारावे, “पोळ्यापर्यंत तुला काय येऊ लागेल?” मूल म्हणेल, सातचा पाढा, किंवा, आजीला पत्र लिहिता येईल. ते त्याच्या वहीत त्याच्याच हाताने लिहवून घ्यावे व पोळ्यानंतर त्याच्याबरोबर पाहावे. साधले तर शाबासकी द्यावी. न साधले तर रागावू नये. तारीख बदलून द्यावी. सातारा साधला नाही तर कोल्हापूर असते, हे मुलाला आपल्या वर्तनातून कळू द्यावे.

बंधुभगिनींनो, आपल्या कामाची मोठी परीक्षा एखादे दिवशी बसस्थानकावर होत असते, आणि तेथे आपण हजर नसतो. एक मूल वडिलांचा हात धरून उभे असते, गाडी येते, आणि पाटी कोणीतरी वाचावयाची असते. ती त्या मुलाने वाचावी, एवढे ध्येय ज्या शिक्षकाने गाठले त्याने पुष्कळ गाठले असे मी मानतो.

अभ्यास व चर्चा (केंद्राच्या शिक्षण परिषदेसाठी)

१. इच्छा, संकल्प, ध्येय व उद्दिष्ट यांचे प्रत्येकी एक उदाहरण आपल्या वर्गातून द्या.
२. कर्वे यांच्या कार्यातील कोणती पायरी आपल्या कामाशी मिळतीजुळती आहे? का?
३. गेल्या वर्षीच्या आपल्या ध्येयाबाहेर कोणती मुले राहिली? त्यांची नावे फक्त आपल्या वहीत लिहा व यंदा प्रत्येकासाठी एक उद्दिष्ट ठरवा.
४. वेचणीच्या हंगामात गैरहजर राहणाऱ्या मुलांसाठी आपल्या शाळेने कोणते नियोजन करावे, याची सहकाऱ्यांशी चर्चा करा.