बुडालेले इंजिन

पुणे जिल्ह्याच्या उत्तरेला जुन्नर आणि आंबेगाव हे दोन तालुके आहेत. त्यांच्या पश्चिमेला सह्याद्रीच्या रांगा आहेत. तेथून निघालेल्या कुकडी आणि मीना या नद्या जुन्नर तालुक्यातून, तर घोड नदी आंबेगाव तालुक्यातून वाहते. कुकडीवर माणिकडोह, मीनेवर वडज आणि घोडवर डिंभे ही धरणे आहेत. या पाण्यावर कांदा, टोमॅटो, ऊस, द्राक्षे अशी पिके घेतली जातात.

नदीचे पाणी शेतात चढवायला पंप लागतो. आता बरेच पंप विजेवर चालतात. पण जेथे वीज पोहोचत नाही, तेथे डिझेलवर चालणारे इंजिन कामी येते. शेतकरी त्याला ‘ऑइल इंजिन’ किंवा नुसते ‘मशीन’ म्हणतात. अशी इंजिने बनवणारी किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही कंपनी १९४६ साली पुण्यातच सुरू झाली.

पावसाळ्यात धरण भरले की त्याचे दरवाजे उघडून नदीत पाणी सोडतात. नदी पात्राबाहेर येते. काठावरचे एखादे मशीन वर आणायचे राहून जाते आणि ते पाण्यात बुडते. पूर ओसरल्यावर मालक येऊन पाहतो, तर मशीन चिखलाने माखलेले! पुढे पाऊस उघडला की रोपांना पाणी हवे. म्हणून तो घाईने हँडल मारायला जातो. तेवढ्यात मिस्त्री ओरडतो, “थांबा दादा, हँडलला हात लावू नका!”

मिस्त्री असे का म्हणतो? ते समजण्यासाठी एक सोपा प्रयोग करून पाहा. सुई नसलेली, नवी, प्लास्टिकची पिचकारी घ्या. तिच्यात हवा भरा, टोकावर बोट घट्ट धरा आणि दट्ट्या दाबा. दट्ट्या बराच आत जातो, कारण हवा दाबली जाते. आता पिचकारीत पूर्ण पाणी भरून तसेच करा. दट्ट्या जागचा हलत नाही. पाणी हवेसारखे दाबले जात नाही.

इंजिनाचा सिलिंडर म्हणजे एक मजबूत पिचकारीच आहे. तिचा दट्ट्या म्हणजे पिस्टन. रुडॉल्फ डिझेल या जर्मन अभियंत्याने १८९७ साली आपले इंजिन यशस्वीपणे चालवून दाखवले. त्यात ठिणगीची गरज नसते. पिस्टन हवेला दाबून तिचे आकारमान सुमारे सोळा ते अठरा पटींनी कमी करतो. त्यामुळे हवा इतकी तापते की तिच्यात डिझेलचा फवारा पडताच ते पेट घेते. पण सिलिंडरमध्ये हवेऐवजी पाणी असेल, तर पिस्टन अडतो. अशा वेळी जोर लावून चाक फिरवले, तर पिस्टनला जोडलेला दांडा वाकतो. धुऊन-पुसून चालू झाले असते ते मशीन मोडून बसते. पुराने केले नाही, ते नुकसान घाई करते.

मग काय करावे? अनुभवी मिस्त्री पुढील क्रमाने काम करतो.

प्रथम मशीन कोरड्या जागी आणून बाहेरचा चिखल धुतो. मग ऑइल मोजायची पट्टी काढून पाहतो. ऑइल दुधासारखे पांढरट दिसले, तर त्यात पाणी मिसळले आहे असे समजतो. खालचा बोल्ट काढून सगळे ऑइल सोडून देतो. त्यात गाळ निघाला, तर इंजिन उघडल्याशिवाय पुढे जात नाही. वाळूचे बारीक कण आतले भाग घासून टाकतात.

त्यानंतर तो हवेची जाळी आणि नळी साफ करतो. मग सिलिंडरवरचे नोझल काढतो. आता पाण्याला बाहेर पडायला वाट मिळते. मिस्त्री तोंड बाजूला ठेवून चाक हाताने हळूहळू फिरवतो. भोकातून पाणी उडते. पाणी यायचे थांबेपर्यंत तो चाक फिरवत राहतो. चाक मध्येच अडले, तर जोर करत नाही.

डिझेलच्या टाकीतही पाणी शिरलेले असते. पाणी डिझेलपेक्षा जड असल्यामुळे तळाशी बसते. म्हणून टाकी पूर्ण रिकामी करून तिच्यात नवे डिझेल भरतो. फिल्टर बदलतो. डिझेलच्या नळीतली हवा काढून टाकतो. नवे ऑइल घालतो, नोझल बसवतो आणि मगच हँडल मारतो. मशीन चालू झाले तरी काम संपत नाही. थोडा वेळ चालवून तो ते बंद करतो आणि ऑइल पुन्हा पाहतो. ते पांढरट झाले असेल, तर पुन्हा बदलतो.

घाई नको, तशी दिरंगाईही नको. बुडालेले इंजिन आठवडाभर तसेच ठेवले, तर आत गंज चढतो आणि पिस्टन जाम होतो. म्हणून पूर ओसरताच कामाला लागावे. मात्र एकही पायरी गाळू नये.

विजेच्या पंपाची गोष्ट वेगळी आहे. तेथे मशीनबरोबर जिवालाही धोका असतो. ओल्या पेटीला किंवा वायरीला कधीही हात लावू नका. वीज बंद असल्याची खात्री जाणत्या माणसाने करावी. मोटर पूर्ण वाळवून, तपासूनच जोडावी.

पाणी शिरलेल्या प्रत्येक इंजिनाला हाच नियम लागू पडतो. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझ येथे एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि असंख्य वाहने पाण्यात बुडाली. समुद्रावर चालणारी पाण्याची स्कूटर उलटून तिच्या इंजिनात पाणी शिरले, तरी तेच. ही इंजिने पेट्रोलवर चालत असतील, तर नोझलऐवजी प्लग काढायचा, एवढाच फरक. आधी पाणी बाहेर, मग इंजिन चालू!

मित्रांनो, तुमच्यापैकी कोणाच्या घरी शेती असेल, कोणाचे गॅरेज असेल. बंद पडलेले यंत्र समोर आले, तर आधी विचारा : आत काय शिरले आहे? ते बाहेर कसे काढता येईल? याचे उत्तर मिळाल्यावरच हँडलला हात लावा.

शब्दार्थ

ओसरणे – कमी होणे
माखलेले – सगळीकडे लागलेले, भरलेले
दट्ट्या – पिचकारीतील आत-बाहेर सरकणारा भाग
गाळ – पाण्याच्या तळाशी बसलेली माती
दिरंगाई – उशीर
गंज – लोखंडावर चढणारा तांबूस थर

स्वाध्याय

प्र. १. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) डिंभे धरण कोणत्या नदीवर आहे?
(आ) ऑइलमध्ये पाणी मिसळले आहे हे कशावरून कळते?
(इ) टाकीतले पाणी तळाशी का बसते?

प्र. २. दोन-तीन वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) मिस्त्रीने मालकाला हँडल मारू का दिले नाही?
(आ) ‘घाई नको, तशी दिरंगाईही नको’ असे लेखक का म्हणतो?

प्र. ३. हवा, जमीन, नुकसान, मालक, गंज हे शब्द पाहा. यांपैकी कोणते शब्द उर्दूतही वापरतात? कोणत्या शब्दाचा अर्थ दोन्ही भाषांत वेगळा आहे?