जिलबी मूळची कुठली?

प्रश्न : माघात जोतिबाच्या खेट्यांना आम्ही डोंगरावर चालत जातो. दर्शन झालं की उतरताना जिलबी ठरलेली. यंदा सोबतचा एक जण म्हणाला, जिलबी आपल्याकडे स्पेनच्या मुसलमानांकडून आली. खरं का?
– एक खेटेकरी, कोल्हापूर

उत्तर : सोबत्याचं निम्मं बरोबर आहे. जिलबी स्पेनमधून आपल्याकडे आली नाही. पण सातआठशे वर्षांपूर्वी ती तिथे होती, हे नक्की. मुसलमान राजवटीतल्या स्पेनला अरब लोक अल्-अंदलुस म्हणत. तिथल्या तेराव्या शतकातल्या एका अरबी पाकपुस्तकात ‘झुलाबिया’ची कृती आहे. लेखकाचं नाव नाही, पण हात मुरलेला वाटतो. पीठ सैल भिजवून मडक्यात, चुलीच्या उबेला ठेवायचं. मडक्यावर बोटाने टिचकी मारायची. आवाज बद्द आला की पीठ फुगलं. मग बुडाला भोक असलेल्या पेल्यात ते ओतायचं, भोकावर बोट धरून पेला कढत तेलावर न्यायचा आणि बोट काढून हात गरगर फिरवायचा. तळलेली वेटोळी मसाल्याच्या मधात टाकायची. आपला हलवाई कापडाची पुरचुंडी पिळतो आणि मधाऐवजी साखरेचा पाक करतो, इतकाच फरक!

याआधी, दहाव्या शतकात, बगदादच्या इब्न सय्यार अल्-वर्राकच्या पाकग्रंथातही झुलाबिया आहे. त्या मुलखातून एक वाट पश्चिमेला स्पेन-मोरोक्कोकडे गेली, दुसरी इराणमार्गे आपल्याकडे. इराणात आजही ‘झुल्बिया’ म्हणतात. म्हणजे अंदलुसची झुलाबिया आपल्या जिलबीची चुलतबहीण, आई नव्हे. अल्जीरिया-ट्युनिशियात रमजानात ती अजून खातात.

आपल्याकडे १४५० च्या सुमाराच्या एका जैन ग्रंथात जिलबीचा उल्लेख सापडतो. ‘भावप्रकाश’ या वैद्यकग्रंथाने तिला ‘कुंडलिनी’ असं भारदस्त नाव दिलं (पण दुकानात ते मागून पाहू नका). सतराव्या शतकात रघुनाथ नवहस्त या मराठी पंडिताच्या ‘भोजनकुतूहल’ या संस्कृत ग्रंथातही ती आहे. हा माग काढला पुण्याच्या भांडारकर संस्थेतले प. कृ. गोडे यांनी, त्यांचा लेख १९४३ सालचा.

पुढच्या खेट्याला हे सोबत्याला सांगा. निम्मं चुकलंय, तेव्हा जिलबीचे पैसे त्यालाच द्यायला लावा.