सैनिकी व्यायाम आणि बलार्धाचे माप

लष्करभरतीची तयारी करणारे तरुण आमच्याकडे बहुधा दोन मागण्या घेऊन येतात : नडगीचे दुखणे थांबवा आणि बल वाढविणारे औषध द्या. १.६ किलोमीटरची धाव त्यांचे भवितव्य ठरविणार असते. विश्रांती हा शब्दही त्यांना रुचत नाही.

हे दुखणे नवे नाही. दीर्घ संचलनानंतर सैनिकांच्या पावलांना येणारी वेदनायुक्त सूज प्रशियाच्या सैन्यातील वैद्यक ब्राइटहाउप्ट यांनी १८५५ मध्ये वर्णिली. तो अस्थिभंग असतो, हे क्ष-किरणांच्या शोधानंतरच उमगले. १८६० मध्ये ब्रिटिश सैन्याने आपले १२ जवान ऑक्सफर्ड येथे आर्चिबाल्ड मॅक्लॅरेन यांच्या व्यायामशाळेत धाडले. मॅक्लॅरेन यांनी प्रत्येकाचे वजन, छाती व बाहू मोजून नोंदविले आणि सुकराकडून दुष्कराकडे असा क्रम बांधला. काही महिन्यांत कित्येकांना आपले गणवेश अंगात चढेनात! हेच जवान पुढे सैन्याचे व्यायामशिक्षक झाले. सर्वांना एकच कवायत, या रूढीला येथे छेद गेला.

वैद्यांना यात ओळखीचे काही दिसेल. व्यायाम करताना हृदयस्थ वायू मुखाकडे येऊ लागणे, हे सुश्रुतांनी बलार्धाचे लक्षण सांगितले. वाग्भटांनी तर अर्धशक्ती व्यायामही बलवान व स्निग्धभोजी व्यक्तींना, तोही शीतकाळी व वसंतात सांगितला. इतर ऋतूंत त्याहून अल्प. भरतीची धाव बलार्धात बसत नाही, हे मान्यच केले पाहिजे. परंतु रोजचा सराव बलार्धात ठेवून कसोटीचे दिवस मोजके ठेवता येतात. उन्हाची सवय होण्यासही सुमारे १० ते १४ दिवस लागतात. तेवढा अवधी ग्रीष्मात दिलाच पाहिजे.

नडगीच्या अस्थीवर बोटाने दाबता एकाच बिंदूवर तीव्र वेदना झाली, तर धावणे तत्काळ थांबवावे. आरंभीचे क्ष-किरण चित्र निर्दोष आले तरी निश्चिंत राहू नये. त्या जागी जोरकस मर्दन तर नकोच. अतिश्रमानंतर मूत्र गडद तपकिरी झाल्यास काढा देत न बसता रुग्णालयात पाठवावे.

औषधविक्रेत्या बंधूंनाही एक विनंती. धावण्यापूर्वी घ्यायला वेदनाशामक गोळी मागणारा तरुण पुष्कळदा पाणी कमी पिऊन, घाम गाळून आलेला असतो. अशा स्थितीत ती गोळी वृक्कांना घातक ठरू शकते. ती देण्याआधी दुखते कोठे, एवढे अवश्य विचारावे.