मुक्या जिवासाठी घर

इ. स. १८६० मधील ही गोष्ट आहे. लंडन हे त्या काळी जगातील सर्वांत मोठे शहर होते. घोडागाड्यांची वर्दळ रस्त्यांवरून अखंड चाले, धुराड्यांतून धूर निघे, आणि या गजबजाटात चाकांतून व टापांतून वाट काढीत असंख्य बेवारशी कुत्री उकिरड्यावर पोट भरीत हिंडत असत. त्यांच्याकडे कोणी पाहत नसे. हाकलण्यापुरते काय ते लोकांचे लक्ष जाई.

शहराच्या उत्तर भागात मेरी टील्बी नावाच्या एक बाई राहत होत्या. वय साठीच्या जवळ आलेले. त्या श्रीमंत नव्हत्या, की कोणी प्रसिद्ध व्यक्तीही नव्हत्या. असे सांगतात, की त्यांच्या एका मैत्रिणीला रस्त्याच्या कडेला उपासमारीने मरणाला टेकलेले एक कुत्रे आढळले. मेरीबाईंनी त्याची शुश्रूषा केली. पण ते वाचले नाही. पुष्कळ माणसांनी अशा वेळी हळहळून गोष्ट सोडून दिली असती. मेरीबाईंनी ती सोडली नाही. हॉलोवे या भागातील घोड्यांच्या एका पडीक तबेल्यात त्यांनी एक संस्था उघडली. तिचे नाव होते ‘हरवलेल्या व उपाशी कुत्र्यांसाठी तात्पुरते आश्रयस्थान’.

लंडनमध्ये या कार्याचे स्वागत झाले ते उपहासाने. ‘टाइम्स’सारख्या वजनदार वृत्तपत्रानेही टवाळी केली. माणसांची मुले थंडीत कुडकुडत असताना कुत्र्यांसाठी घर कसले काढता, असा लोकांचा सवाल होता. प्रश्न अगदीच वावगा नव्हता, हे कबूल केले पाहिजे. परंतु उपाशी कुत्र्याला भाकरी दिल्याने उपाशी मुलाच्या तोंडचा घास जातो असे थोडेच आहे? पुढे इ. स. १८६२ मध्ये चार्ल्स डिकन्स या थोर कादंबरीकाराच्या संपादकत्वाखाली निघणाऱ्या साप्ताहिकात या आश्रयस्थानावर एक लेख आला. बक्षिसे मिळवणाऱ्या उमद्या कुत्र्यांचे एक भपकेबाज प्रदर्शन त्या सुमारास भरले होते. लेखात ते प्रदर्शन आणि हा गरीब तबेला यांची चित्रे शेजारी शेजारी ठेवली होती. ती पाहून पुष्कळांची मने पालटली.

मेरीबाईंचे इ. स. १८६५ मध्ये निधन झाले. संस्था मात्र जगली. इ. स. १८७१ मध्ये ती थेम्स नदीच्या दक्षिणेस बॅटरसी येथे गेली. तिला इ. स. १८८५ मध्ये व्हिक्टोरिया राणीचा आश्रय लाभला. आज ती ‘बॅटरसी’ याच नावाने जगभर ओळखली जाते.

आता संस्थेच्या पहिल्या नावाकडे पुन्हा एकदा पाहा. त्यात ‘तात्पुरते’ असा शब्द आहे. आश्रयस्थान हे कुत्र्याचे अखेरचे घर नव्हे. हरवलेल्याचा मालक शोधावयाचा आणि ज्याला मालकच नाही त्याला नवे घर मिळवून द्यावयाचे, असा संस्थेचा हेतू होता. हा हेतू नेहमी साधला असे मात्र नाही. कुत्री फार आणि जागा थोडी. त्यामुळे जुन्या काळी ज्यांना कोणीच नेले नाही, अशा कितीतरी कुत्र्यांचा अंत आश्रयस्थानातच करावा लागे. ही दुःखाची गोष्ट आहे, पण ती लपवून ठेवण्यात अर्थ नाही. अशा परिस्थितीत कोणालाही वाटेल, की जो येईल त्याला कुत्रे देऊन टाकावे. तेवढाच एक जीव वाचला!

परंतु नेणारा कोण आहे आणि तो कशासाठी नेत आहे, हे पाहिल्यावाचून कसे चालेल? विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात संस्थेकडे एक निराळीच मागणी आली. काही प्रयोगशाळांत त्या काळी जिवंत कुत्र्यांची चिरफाड करून प्रयोग करीत. बेवारशी कुत्री अशा प्रयोगांसाठी विकत द्यावी, असे संस्थेला सुचवण्यात आले. संस्थेला पैशाची गरज नेहमीच होती. तरीही चालकांनी ती सूचना साफ फेटाळली. ज्या दारातून कुत्रे आत आले, त्या दारातून ते कोणाच्या हाती बाहेर जाणार, याची जबाबदारी त्यांनी आपली मानली.

तीच जबाबदारी आज प्रश्नांच्या रूपाने समोर येते. इंग्लंडमधील अशा एखाद्या संस्थेत तुम्ही गेलात आणि पिंजऱ्यातील एका कुत्र्याकडे बोट दाखवून ‘आम्हांला हे हवे’ म्हणालात, तर ते लगेच तुमच्या हाती देणार नाहीत. आधी तुम्हांला विचारतील: घर स्वतःचे की भाड्याचे? भाड्याचे असल्यास मालकाची लेखी संमती आहे काय? घरात लहान मुले आहेत का, त्यांची वये काय? मांजर आहे का? दिवसाचे किती तास घर रिकामे असते? अंगणाला कुंपण आहे का, आणि असल्यास किती उंच? लस, खाणे, औषधपाणी यांचा खर्च झेपेल ना? सुटीत गावाला गेलात, तर त्याला कोण पाहील? काही संस्थांची माणसे तर घर पाहावयासही येतात.

हे ऐकून कित्येकांना राग येतो. ‘आम्ही परोपकार करावयास आलो आणि ही माणसे आमचीच उलटतपासणी घेतात!’ असे ते म्हणतात. पण लग्न जुळवताना आपल्याकडची वडीलधारी माणसे समोरच्या घराची चौकशी करतात की नाही? तेथे निदान मुलगा किंवा मुलगी तोंडाने हो-नाही म्हणू शकते. कुत्र्याला तेही साधत नाही. त्याच्या वतीने कोणी तरी बोलावयास हवे.

शिवाय या प्रत्येक प्रश्नामागे काही तरी घडलेले असते. कुत्रा हा कळपात राहणाऱ्या प्राण्यांचा वंशज आहे. दिवसभर एकटा कोंडला, तर तो घाबरतो, भुंकतो, रडतो, दार कुरतडतो. शेजारी तक्रार करतात, घरमालक नोटीस देतो, आणि महिन्याभरात कुत्रा परत पिंजऱ्यात येतो. एकदा घर मिळून गमावलेल्या कुत्र्याला दुसरे घर मिळणे अधिक अवघड जाते. ते धास्तावलेले असते आणि भेटावयास आलेल्या माणसाजवळ चटकन येत नाही. लोकांना तर शेपूट हलवीत येणारे कुत्रे हवे असते.

चौकशी माणसाची होते, तशी कुत्र्याचीही होते. जेवणाच्या भांड्याजवळ कोणी गेले तर ते गुरगुरते का, दुसरे कुत्रे दिसल्यावर काय करते, मुलांच्या गोंगाटाला बिचकते का, हे सेवक दिवसेंदिवस पाहून टिपून ठेवतात. रूपावरून अंदाज करू लागलो, तर आपण हमखास फसतो. शर्यतीतून निवृत्त झालेला ग्रेहाउंड पाहा. एवढा चपळ प्राणी, त्याला मोठे मैदान लागत असेल असे वाटते. प्रत्यक्षात तो दिवसाचा बराच वेळ झोपून काढतो, आणि शांत घरात सुखाने राहतो. मात्र समोरून मांजर पळाले, की त्याच्या अंगातली शर्यत जागी होण्याचा संभव असतो. म्हणून मांजराचा प्रश्न. याउलट मेंढ्या राखण्यासाठी पिढ्यान्‌पिढ्या जोपासलेला कॉली दिसावयास लहान. पण त्याला काम हवे. दोन खोल्यांच्या घरात त्याला बसवून ठेवले, तर तो घरातील मुलांनाच मेंढ्या समजून वळवू लागतो, आणि प्रसंगी त्यांच्या टाचांना चावे घेतो. त्यात दोष कॉलीचा नसतो आणि मुलांचाही नसतो. जोडी चुकलेली असते, एवढेच.

आता दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. काही संस्था या चौकशीत फार ताठर होतात. अंगण नाही, मग कुत्रा नाही. नोकरी करता, मग कुत्रा नाही, असे त्यांचे सरसकट नियम असतात. अशा नियमाने कधी कधी एखादे प्रेमळ घर हातचे जाते, आणि ती माणसे निराश होऊन पिल्ले विकणाऱ्याकडे वळतात. तेथे पैसे मोजले, की कोणी काही विचारीत नाही. इंग्लंडमध्ये इ. स. २०२० पासून सहा महिन्यांहून लहान पिल्लू दुकानदाराने किंवा दलालाने विकणे कायद्याने बंद झाले. ते एक तर स्वतः पैदास करणाऱ्याकडून घ्यावे, नाही तर आश्रयस्थानातून आणावे. म्हणूनच अनेक संस्था आता सरसकट नियम न लावता प्रत्येक घराचा वेगळा विचार करतात. अंगण नसले तरी रोज दोन वेळा फिरावयास नेणारे माणूस घरात असेल, तर ते अंगणाहून बरे, असे मला वाटते.

आपल्याकडील परिस्थिती थोडी निराळी आहे. आपल्या गल्लीतले कुत्रे अगदीच परके नसते. कोणी त्याला शिळी पोळी घालतो, कोणी नाव ठेवतो. रात्री ते त्याच गल्लीवर पहारा करते. अशा कुत्र्यांचे निर्बीजीकरण करावे, त्यांना पिसाळण्याच्या रोगावरील लस टोचावी व पुन्हा त्याच जागी सोडावे, ही पद्धत इ. स. २००१ च्या नियमांनी देशात रूढ केली. पण आईवेगळी पिल्ले, वाहनाखाली पाय मोडलेली कुत्री, घरातून बाहेर टाकलेली जातिवंत कुत्री यांचा गल्लीत निभाव लागत नाही. मुंबई-पुण्यासारख्या शहरांत कित्येक तरुण माणसे अशा जिवांना स्वतःच्या घरी ठेवून घेतात, बरे करतात आणि मग त्यांच्यासाठी कायमचे घर शोधतात.

कल्पना करा, अशी एक ताई तुमच्या चौथ्या मजल्यावरील घरी आली आहे. पिल्लू तिच्या मांडीवर आहे, आणि तुमचे डोळे त्यावरून हलत नाहीत. ती आजीला विचारते, “आजी, तुमची मनापासून संमती आहे ना?” वडिलांना विचारते, “तुमची बदली झाली, तर हे बरोबर येईल की मागे राहील?” ती गच्चीकडील खिडकीचे गज पाहते, आणि त्यांतून पिल्लू निसटेल काय याचा अंदाज घेते. दिवाळीत फटाके वाजू लागले, की ते कोठे लपेल याचीही ती चौकशी करते. शेवटी ती तुमच्याकडे वळते.

“जूनमध्ये मुसळधार पाऊस पडत असतो. सकाळी सहा वाजता याला खाली कोण नेणार?”

“मी नेईन,” तुम्ही झटकन सांगता.

“आणि वार्षिक परीक्षेच्या दिवशी?”

आता तुम्ही आईकडे पाहता. आई हसत नाही. ती विचार करीत असते. मग ती म्हणते, “त्या दिवशी मी नेईन. पण एरवी याने उठले पाहिजे.” ताई आपल्या वहीत काही लिहिते. तिला बहुधा हेच ऐकावयाचे असते. ‘होईल हो सगळे’ असे सांगणाऱ्या घरापेक्षा आईचे हे उत्तर तिला अधिक विश्वासाचे वाटते.

मग एक कागद पुढे येतो. पिल्लाला साखळीने दिवसभर बांधून ठेवणार नाही, वेळेवर लस टोचून घेऊ, वयात येताच निर्बीजीकरण करू, आणि काही कारणाने सांभाळणे अशक्य झालेच तर त्याला रस्त्यावर न सोडता किंवा परस्पर कोणाला न देता ताईकडेच परत आणू, असे त्यावर लिहिलेले असते. वडील सही करतात.

जाताना ताई एक हिशेब सांगून जाते. पहिले तीन दिवस पिल्लू भेदरलेले असेल, तीन आठवड्यांत त्याला घरातील वेळा कळतील, आणि तीन महिन्यांत ते घर आपले मानू लागेल. हा हिशेब काटेकोर नाही. कोणाला कमी दिवस लागतात, कोणाला पुष्कळ अधिक. तोवर त्याला उगाच उचलू नये, झोपेतून उठवू नये, जेवताना त्याच्या भांड्यात हात घालू नये.

पहिल्या रात्री पिल्लू कपाटामागे जाऊन बसते. हाका मारल्या तरी येत नाही, वाटीतले दूधभातही तसेच राहते. दुसऱ्या दिवशी ताईचा दूरध्वनी येतो. “जेवले का?” ती विचारते. “नाही,” तुम्ही हिरमुसून सांगता. “असू दे. वाटी कपाटाजवळ ठेव आणि तू दूर बसून आपला अभ्यास कर. त्याच्याकडे पाहू नकोस.”

तुम्ही तसे करता. भूगोलाचे पुस्तक उघडे असते, पण अक्षर एकही दिसत नसते. बऱ्याच वेळाने कपाटामागून वाटी चाटल्याचा आवाज येऊ लागतो.