राजीनामा ते लेह : थोडं गणित

माझ्या मावसभावाला आयटीतली नोकरी सोडून बाइकवर पुणे-लेह करायचंय. मावशी त्याच्याशी बोलत नाहीये. पण मित्रांनो, यात धाडसापेक्षा गणित जास्त आहे.

आधी नोटीस पीरियड. बऱ्याच आयटी कंपन्यांत तो 60 ते 90 दिवसांचा असतो. कंपनीचा मेडिक्लेम साधारणपणे शेवटच्या दिवशी संपतो, आणि नव्या पॉलिसीत पहिले 30 दिवस अपघात सोडून आजारपणाचा क्लेम मिळत नाही. विरळ हवेचा त्रास म्हणजे काही अपघात नव्हे! म्हणून स्वतःची पॉलिसी नोटीस चालू असतानाच घ्यायची. हे ऐकल्यावर मावशीचा आवाज जरा खाली आला.

मग पेट्रोल. 2020 साली सुरू झालेल्या अटल बोगद्यामुळे मनालीहून जाताना रोहतांग टळतो. पण पुढे तांदीच्या पंपावरची पाटी प्रसिद्ध आहे : पुढचा पंप 365 किमीवर. दादाची टाकी 13 लिटरची. 35 चं अ‍ॅव्हरेज धरलं तर कागदावर 455 किमी, म्हणजे पास! पण 5000 मीटरवर हवेचा दाब जवळपास निम्मा होतो. त्याची गाडी जुनी, कार्ब्युरेटरवाली. हवा कमी आणि पेट्रोल जास्त, त्यामुळे इंजिन धूर काढतं, ओढत नाही. फ्युएल इंजेक्शन असतं तर सेन्सरने मिश्रण सांभाळलं असतं, पॉवर मात्र तिथेही घटतेच. 25 चं अ‍ॅव्हरेज धरलं तर 325 किमी. म्हणजे 5 लिटरचा कॅन हवाच.

राहिला फोन. आपलं इकडचं प्रीपेड सिम लडाखमध्ये चालत नाही, पोस्टपेड लागतं. दादाचं पोस्टपेड कंपनीचं आहे, ते लॅपटॉपबरोबर परत जाणार.