सिद्ध झालेले उपचार रुग्णापर्यंत कोण पोचवणार?

नीटचा निकाल लागला की मराठी घराघरांत एकच हिशेब सुरू होतो. परीक्षेला बसणारी मुले वीस लाखांहून अधिक, एमबीबीएसच्या जागा देशभर मिळून लाखाहून काही अधिक, आणि त्यांतल्या सरकारी जागा साधारण निम्म्या. ज्यांचा नंबर लागत नाही त्यांच्या आईवडिलांना मग तीनच वाटा दिसतात: आणखी एक वर्ष घासायचे, कर्ज काढून परदेशी पाठवायचे किंवा मेडिकलचा नाद सोडायचा. रुग्णाचे भले डॉक्टरच करू शकतो आणि आरोग्यक्षेत्रात उणीव आहे ती डॉक्टरांची नि नव्या औषधांची, हे या हिशेबात गृहीत धरलेले असते. ती उणीव खरीच आहे. पण तिच्याइतकीच मोठी दुसरी उणीव आहे आणि तिच्याकडे पालकांचे लक्ष जात नाही. जे उपचार संशोधनातून सिद्ध झाले आहेत, ते रोजच्या रोज, प्रत्येक रुग्णाला, ठरल्या रीतीने मिळतील अशी व्यवस्था लावणारी माणसे आपल्याकडे फार थोडी आहेत. बालास आणि बोरेन या अभ्यासकांनी २००० साली मांडलेला हिशेब या क्षेत्रात नेहमी सांगितला जातो: मूळ संशोधनापैकी जेमतेम १४ टक्के प्रत्यक्ष उपचारात उतरते आणि त्यालाही सरासरी १७ वर्षे लागतात. हा आकडा अमेरिकेतला आहे. आपल्याकडे वेळ कमी लागत असेल असे मानायला काही आधार नाही. या मधल्या १७ वर्षांत जे काम पडून असते, ते करणे हे आज एक स्वतंत्र करिअर आहे, आणि बारावीच्या मुलाने ते नाइलाज म्हणून नव्हे, पहिली पसंती म्हणून तपासून पाहावे, असे माझे मत आहे.

मराठी वाचकाला यासाठी पहिले उदाहरण दूर शोधायला नको. तंजावरच्या भोसले घराण्यातले दुसरे सरफोजीराजे १७९८ मध्ये गादीवर आले आणि पुढच्याच वर्षीच्या तहाने राज्याचा कारभार ईस्ट इंडिया कंपनीकडे गेला. राजांच्या हाती किल्ला, आसपासचा परिसर आणि तैनात एवढेच उरले. श्वार्ट्झ या जर्मन मिशनऱ्याच्या देखरेखीखाली शिकलेल्या या राजाने ग्रंथ, छापखाना, शाळा आणि वैद्यक यांत आयुष्य घातले. त्यांच्या धन्वंतरी महालात आयुर्वेद, सिद्ध, युनानी आणि पाश्चात्त्य अशा चारही पद्धतींचे जाणकार एका छताखाली काम करत. सरस्वती महाल ग्रंथालयात तिथल्या नेत्ररुग्णांची टिपणे आजही आहेत. चेन्नईच्या शंकर नेत्रालयातल्या डॉक्टरांनी अलीकडे त्यांचा अभ्यास केला. मोतीबिंदू काढणारा राजा म्हणून सरफोजींचे कौतुक होते ते ठीकच, पण मला नोंद ठेवणारा राजा अधिक मोलाचा वाटतो. शस्त्रक्रियेचा फायदा त्या एका रुग्णाला होतो. नोंद नीट असेल तर तिचा फायदा पुढच्या रुग्णालाही होऊ शकतो.

याहून शहाणपणाची गोष्ट पुढची आहे. दरबाराची भाषा मराठी, दफ्तर मोडीत, राजांचे वाचन इंग्रजीतही. तरी गुणकारी ठरलेल्या औषधांचे पाठ त्यांनी तमिळ पद्यात बांधून घेतले. ‘सरभेंद्र वैद्य मुरैगळ’ या नावाने ते ओळखले जातात आणि नेत्ररोग, मधुमेह अशा विकारांनुसार त्यांचे भाग पुढे छापले गेले. कावेरीच्या खोऱ्यातला वैद्य तमिळ बोलत होता आणि आपली विद्या पद्यातच पाठ करत होता. ज्याने औषध द्यायचे त्याच्या भाषेत आणि त्याच्या सवयीच्या रूपात ज्ञान पोचवायचे, हा विचार आजही अनेक सरकारी परिपत्रकांत आढळत नाही. आशाताईंच्या हाती दिलेले काही फॉर्म पाहिले तर ते भरणाऱ्याचा विचार कोणी केला होता का, अशी शंका येते.

पण तंजावरची गोष्ट इथे थांबवली तर ती नुसती गौरवगाथा होईल. सरफोजीराजे १८३२ मध्ये वारले. त्यांचे पुत्र शिवाजीराजे १८५५ मध्ये औरस पुत्राविना निवर्तले आणि कंपनीने राज्य खालसा केले. ग्रंथालय टिकले, दवाखाना टिकला नाही. टिपणे जपली गेली, पण त्यांवरून पुढच्या रुग्णाचा उपचार सुधारणारी यंत्रणा राहिली नाही, कारण ती एका माणसाच्या आवडीवर आणि तैनातीवर उभी होती. शिवाय तुलनेची आजची शिस्त तेव्हा कुठेच नव्हती. अमुक औषधाने बरे वाटले ही नोंद मोलाची असली, तरी औषध न घेताही किती जण बरे झाले असते हे त्यातून कळत नाही. त्यामुळे ते पाठ आज जसेच्या तसे वापरा म्हणणारे आणि ती सगळी जुनी भाबडेगिरी म्हणून फेकणारे, दोघेही घाई करतात. तो कच्चा माल आहे. तो तपासायला वनस्पतिशास्त्र, औषधनिर्माण, संख्याशास्त्र आणि जुनी तमिळ नि मोडी वाचू शकणारी माणसे लागतील. मोडी येणारा औषधनिर्माणशास्त्राचा पदवीधर ही चैन वाटेल, पण तंजावरला त्याला काम कमी पडणार नाही.

संशोधन व्यवस्थेत रुजले की काय होते, हे त्याच तमिळनाडूत सव्वाशे वर्षांनी दिसले. १९५६ मध्ये मद्रासला क्षयरोगाच्या औषधोपचारावर संशोधन करणारे केंद्र सुरू झाले. क्षयरोग्याला सॅनेटोरियममध्ये ठेवावे, चांगलेचुंगले खायला द्यावे, मोकळी हवा द्यावी, तरच तो बरा होतो, असे तोवर जगभर मानले जाई. भारतात रुग्ण लाखोंनी आणि खाटा मूठभर. केंद्राने रुग्णांचे चिठ्ठ्या टाकल्यासारखे, म्हणजे निवड कोणाच्या मर्जीवर न ठेवता, दोन गट केले. एक गट सॅनेटोरियममध्ये, दुसरा शहरातल्या दाटीवाटीच्या घरांत, औषधे दोघांना तीच. वर्षअखेर घरी राहिलेले रुग्ण जवळजवळ तितकेच बरे झाले होते आणि त्यांच्या घरच्यांना लागण होण्याचे प्रमाणही वाढलेले नव्हते. १९५९ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले आणि गरीब देशांतल्या क्षयरोगाच्या उपचाराची दिशाच बदलली. इथे नवे औषध कोणीच शोधले नव्हते. औषध कुठे आणि कसे द्यायचे एवढाच प्रश्न होता. त्याच्या उत्तराने मात्र खाटेअभावी उपचारच न मिळणाऱ्यांना दार उघडले. घरी गोळ्या दिल्या की रुग्ण त्या मध्येच सोडतात, हा पुढचा प्रश्न. त्यावर देखरेखीखाली औषध देण्याचे प्रयोगही याच केंद्रात झाले. आज ते राष्ट्रीय क्षयरोग संशोधन संस्था म्हणून ओळखले जाते.

महाराष्ट्रातले उदाहरण गडचिरोलीचे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गावातल्याच बायकांना नवजात बाळाची काळजी घ्यायला, श्वास मोजायला, जंतुसंसर्ग ओळखायला आणि गरज पडल्यास प्रतिजैविक द्यायला शिकवले. ३९ गावांत हे काम आणि ४७ गावे तुलनेसाठी. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या निष्कर्षांनुसार नवजात मृत्यूंचे प्रमाण ६२ टक्क्यांनी घटले. आशा कार्यकर्त्यांमार्फत घरी जाऊन नवजात बाळाची काळजी घेण्याचा राष्ट्रीय कार्यक्रम आला २०११ मध्ये. म्हणजे मध्ये बारा वर्षे गेली. या बारा वर्षांत वैद्यकशास्त्राची अडचण नव्हती. ही पद्धत हजारो गावांत, सामान्य पगारावरच्या सामान्य माणसांकडून, दर्जा न घसरता कशी राबवायची, प्रशिक्षण कोण देणार, औषधे कुठून येणार, खर्च किती आणि मृत्यू खरेच कमी होतात का हे कोण मोजणार, ही अडचण होती. यांतल्या प्रत्येक प्रश्नाचे उत्तर देणारा एक व्यवसाय आज आहे.

हे काम प्रत्यक्षात कसे असते ते समजायला २०२२ मध्ये तमिळनाडूने क्षयमृत्यू रोखण्यासाठी सुरू केलेली योजना पाहा. निदान झाल्याबरोबर रुग्णाची चाचणी करायची: वजन-उंचीचे गुणोत्तर, पायावर सूज, श्वासाचा वेग, रक्तातला ऑक्सिजन आणि आधाराशिवाय उभे राहता येते की नाही. जो धोक्यात दिसेल त्याला लगेच दाखल करायचे. वजनकाटा, बोटाला लावायचे ऑक्सिमीटर आणि एक कागद. या कागदावर नेमके कोणते पाच प्रश्न ठेवायचे हे ठरवण्यामागे साथरोगशास्त्र आहे. तो कागद गर्दीच्या ओपीडीतल्या नर्सला दोन मिनिटांत भरता यावा, यामागे तिच्या कामाची समज आहे. आणि धोक्यातल्या रुग्णाला खरोखर खाट मिळाली का, हे महिन्याच्या महिन्याला तपासण्यामागे व्यवस्थापन आहे.

आता पालकांचे आक्षेप. पहिला पैशाचा, आणि तो खोटा नाही. या क्षेत्रातला पंचविशीतला मुलगा खासगी स्पेशालिस्टच्या मिळकतीच्या जवळपासही नसतो. राष्ट्रीय आरोग्य अभियानातल्या अनेक जागा कंत्राटी आहेत. संशोधन प्रकल्प निधीवर चालतात आणि निधी संपला की प्रकल्पही संपतो. ज्या घराला मुलाच्या पहिल्या पगाराची तातडीने गरज आहे त्यांनी हे लक्षात घेऊनच निर्णय घ्यावा. पण तुलना न्याय्य करावी. कर्ज काढून केलेले एमबीबीएस, पुढे पीजीच्या प्रवेशाची झुंज, स्वतःच्या दवाखान्याचे भांडवल, या सगळ्याची वर्षे आणि व्याज धरले तर ताळेबंद वेगळा दिसतो. आणि हाताला पक्के कसब असलेल्याला, विशेषतः संख्याशास्त्र येणाऱ्याला, काम मिळत राहते. औषध कंपन्यांपासून रुग्णालयांच्या दर्जा विभागांपर्यंत सगळ्यांना आकडे समजणारा माणूस हवा असतो.

दुसरा आक्षेप प्रतिष्ठेचा: नावापुढे डॉक्टर लागणार नाही, लग्नाच्या बाजारात काय सांगायचे? यावर युक्तिवाद करण्यात अर्थ नाही. ज्याला ही खंत आयुष्यभर सलेल त्याने इकडे येऊ नये, एवढेच. तिसरा आक्षेप ताजा आहे: हे सगळे उद्या संगणकच करील. आकडे भरण्याचे आणि ठरावीक तक्ते काढण्याचे काम संगणक खाईल यात शंका नाही. पण नर्सने कागद का भरला नाही, रुग्णाने तिसऱ्या महिन्यात गोळ्या का सोडल्या, याचे उत्तर वॉर्डात आणि वस्तीत जाऊन, त्या माणसांच्या भाषेत विचारूनच मिळते. उलट निदान सुचवणारी नवी सॉफ्टवेअर रुग्णालयांत येतील, तेव्हा त्यांनी खरेच रुग्णाचे भले होते का हे तपासणारी माणसे आणखी लागतील. चौथा आक्षेप गंभीर आहे: संशोधन म्हणजे गरिबांवर प्रयोग. असे गैरप्रकार आपल्याकडे घडले आहेत, न्यायालयांपर्यंत गेले आहेत, आणि म्हणूनच २०१९ चे क्लिनिकल ट्रायलचे नियम, नैतिकता समित्या आणि प्रत्येक चाचणीची जाहीर नोंदणी आली. रुग्णाला समजेल अशा मराठीत किंवा तमिळमध्ये संमतिपत्र लिहिणे आणि त्याला नाही म्हणता येईल असे पाहणे, हेही याच करिअरचे काम आहे. राजाच्या दवाखान्यातल्या रुग्णाला हा हक्क असण्याची शक्यता नव्हती.

वाटा अनेक आहेत. एमबीबीएसला प्रवेश मिळालाच, तर भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची अल्पकालीन शिष्यवृत्ती पदवीच्या काळातच घेता येते. पुढे सामाजिक आरोग्य या विषयात एमडी करता येते. हा विषय गुणवत्ता यादीत खाली राहिलेल्यांचा समजला जातो आणि मला हे आपल्या वैद्यकीय शिक्षणाचे मोठे अपयश वाटते. नर्सिंगची पदवी घेतलेल्याला रुग्णाच्या सर्वांत जवळून काय चुकते ते दिसते. त्या अनुभवावर संशोधनाची जोड मिळाली तर त्याच्याइतका उपयोगी माणूस दुसरा नाही. फार्म.डी. हा औषधनिर्माणशास्त्रातला २००८ पासूनचा सहा वर्षांचा अभ्यासक्रम आहे. त्यात शेवटचे वर्ष रुग्णालयातल्या कामाचे असते आणि बारावीला जीवशास्त्राऐवजी गणित घेतलेल्यालाही तो खुला आहे. गणिताची आवड असेल तर संख्याशास्त्रात पदवी घेऊन मुंबईच्या देवनारमधल्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेत किंवा वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात जैवसंख्याशास्त्राकडे वळता येते. सार्वजनिक आरोग्याच्या पदव्युत्तर शिक्षणासाठी मुंबईची टाटा समाजविज्ञान संस्था, तिरुवनंतपुरमचे श्री चित्रा तिरुनाल आणि चेन्नईची राष्ट्रीय साथरोगशास्त्र संस्था ही नावे आधी पाहावीत. एक इशारा मात्र द्यायलाच हवा: ‘क्लिनिकल रिसर्च’चा सहा महिन्यांचा डिप्लोमा आणि शंभर टक्के नोकरीची हमी देणाऱ्या जाहिराती गल्लोगल्ली दिसतात. ज्या संस्थेला स्वतःचे रुग्णालय नाही, चालू संशोधन नाही, तिथे हे शिकता येत नाही. फी भरण्याआधी मागच्या तीन तुकड्यांतली मुले आज कुठे आहेत ते विचारा. उत्तर टाळले तर बाहेर पडा.

मुलाचा कल कसा ओळखावा? गुणपत्रिकेवरून नाही. वर्तमानपत्रात ‘अमुक खाल्ल्याने कर्करोग टळतो’ अशी बातमी आली की ‘किती लोकांवर तपासले, आणि ज्यांनी खाल्ले नाही त्यांचे काय झाले’ असे विचारणारे मूल या कामाचे आहे. ज्याला एका रुग्णाला आज बरे केल्याचा आनंद आजच हवा असतो, त्याने डॉक्टर किंवा नर्सच व्हावे. इथे केलेल्या कामाचा परिणाम वर्षांनी आणि तोही आकड्यांत दिसतो. ज्याचा जीव वाचला तो आभार मानायला येत नाही. हे ज्याला चालेल अशा मुलामुलींनी पुढच्या सुटीत जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या वैद्यकीय अधिकाऱ्यांना भेटून आठवडाभर तिथले काम पाहू देण्याची विनंती करावी, आणि आईवडिलांनी पुढच्या वर्षीच्या क्लासची फी भरण्यापूर्वी तो आठवडा त्यांना द्यावा.